बळींची आणेवारी

मुंबईहून पुण्यास निघालेला द्रुतगती मार्ग खंडाळ्याचा घाट चढून, लोणावळ्याच्या दाट पावसाळी हवेतून बाहेर पडून, मावळाच्या पूर्वेकडील उघड्या सपाटीवर आला म्हणजे देहूरोडच्या अलीकडे गहुंजे नावाचे एक गाव लागते. त्या गावाच्या शिवारात, जेथे एके काळी शेतीच्या हंगामांखेरीज दुसरा कोणताही हंगाम ठाऊक नव्हता, तेथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने सुमारे ३७ हजार प्रेक्षक बसतील असे मैदान उभारले आणि १ एप्रिल २०१२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. जगाच्या धावफलकांवर या मैदानाची नोंद ‘पुणे’ अशी होते. परंतु महसुली दृष्टीने पाहिले तर ही जमीन मावळ तालुक्यातील, आणि तिची कचेरी वडगावास. ज्या वडगावास जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजी फौजेने मराठ्यांपुढे हार खाऊन तह पत्करला, तेच हे वडगाव. अशा रीतीने एकाच तालुक्यात दोन प्रकारची दफ्तरे नांदू लागली. एकात खाचरांतील भाताच्या पिकाची आणेवारी लिहिली जाते, दुसऱ्यात गोलंदाजांनी मिळविलेल्या बळींची. दोहोंचे प्रयोजन वरवर पाहता कितीही भिन्न असले, तरी दोन्ही दफ्तरे विचारतात तो प्रश्न एकच आहे: यंदा किती पिकले, आणि जे पिकले त्यात कसणाऱ्याचे किती व जमिनीचे किती?

या प्रश्नाचा इतिहास महसूलखात्याकडून आरंभिणेच न्याय्य होईल, कारण आकड्यांवरून नुकत्याच झालेल्या कामगिरीची पारख करण्याचा उद्योग आपल्याकडे खेळापूर्वी सारावसुलीने केला. ‘सरासरी’ हा आज प्रत्येक शाळकरी क्रिकेटवेड्याच्या तोंडी असलेला शब्द मुळात फार्सी असून तो दफ्तरांतूनच मराठीत रुळला. पेशवाई गेल्यानंतर पुणे जिल्ह्यात इंग्रजांनी जी पहिली पद्धतशीर पाहणी केली ती प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याची; १८२० नंतरच्या त्या दशकात त्याने प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के आकार सरकारने घ्यावा अशी योजना आखली. विचार शास्त्रीय होता, परंतु त्याच्या बुडाशी असलेले आकडे खालच्या नोकरांनी कोठे अंदाजाने, कोठे लाच घेऊन भरलेले होते, आणि परिणामी आकार इतका जड झाला की रयतेने शेते टाकून गावे सोडली. पुढे विंगेट आणि गोल्डस्मिड या दोघांनी इंदापुरापासून नव्या पाहणीस प्रारंभ केला, आणि १८३६ मध्ये तेथे ३० वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू झाली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हव्यास सोडला व जमिनीची प्रतबंदी केली: मातीचा रंग कोणता, थर किती खोल, तीत खडक, उतार किंवा चुनखडीचा दोष आहे काय, हे पाहून सोळा आण्यांच्या जमिनीपासून खाली क्रमाक्रमाने प्रती ठरविल्या.

या दोन पाहण्यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रिंगलने पिकावरून जमिनीकडे जाण्याचा यत्न केला. त्याच्या मागून आलेल्यांनी आधी जमीन ओळखली आणि मग पीक मोजले. मावळात तर हा क्रम अपरिहार्यच होता. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून साठ-पासष्ट किलोमीटरांवरील पुणे शहरास सातशे-आठशे मिलिमीटरांवर समाधान मानावे लागते. एकाच मोसमी वाऱ्याने आणलेले ढग इतक्या थोड्या अंतरात इतका पक्षपात करीत असता, भाताची खाचरे, डोंगरउतारावरील नाचणी-वरीची वरकस जमीन आणि पूर्वेकडील जिराईत यांच्या पिकांची एका मापाने तुलना करणारा कारकून मूर्ख तरी ठरला असता किंवा जुलमी तरी.

जमीन कोणत्या प्रतीची हे एकदा ठरले, तरी दरवर्षीचे पीक कसे आले हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी आणेवारी निघाली. सर्वसाधारण वर्षाच्या पिकाशी ताडून पाहता यंदाचे पीक किती आणे, हे ठरवावयाचे. आणि त्या एका आकड्यावर वसूल घ्यावयाचा की तहकूब ठेवावयाचा हे अवलंबून असे. हा आकडा किती वादग्रस्त होऊ शकतो हे १९१८ मध्ये गुजरातेतील खेडा जिल्ह्याने दाखविले. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब व्हावा असा नियम होता. रयत म्हणे, पीक त्याहून कमी आहे. सरकारी अंमलदार म्हणत, अधिक आहे. आणि त्या मतभेदातूनच महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह उभा राहिला. दशमान नाणी प्रचारात आल्यावर आणे गेले, आणेवारीची कागदोपत्री पैसेवारी झाली व ५० पैशांची रेषा दुष्काळाची मानली जाऊ लागली; परंतु लोकांच्या बोलण्यातून ‘आणेवारी’ काही गेली नाही. या पद्धतीत एक शहाणपण आहे, ज्याकडे क्रिकेटच्या समालोचकांनी क्वचितच लक्ष दिले. महसूलखाते पैसेवारी एकदाच ठरवीत नाही. पिके उभी असताना डोळ्यांनी पाहून केलेली ती नजरअंदाज पैसेवारी, पुढे केलेली ती सुधारित, आणि कापणीनंतर वजनकाट्यावर आलेली ती अंतिम. अशी तीन पायऱ्यांनी ती सिद्ध होते. पहिल्या पायरीवरून कोणी सारा माफ करीत नाही, आणि तिसरीची वाट पाहिल्यावाचून कोणी शेतकऱ्यास आळशी ठरवीत नाही.

आता चेंडूफळीकडे वळू. या खेळात गोलंदाजाची योग्यता आकड्यांत मांडण्याची चाल आपल्याकडे पारशी गृहस्थांनी आणली म्हटले तरी चालेल. १८८८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पारशी संघातील डॉ. मेहेल्लाशा पावरी यांनी त्या दौऱ्यात १७० बळी घेतले, आणि त्यांची सरासरी होती ११.६६ धावा. पुढील काळात मुंबई इलाख्यातील पारशी आणि युरोपियन यांचे सामने मुंबईस आणि पुण्यास होऊ लागले. पावसाळ्यात गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम पुण्यास असल्यामुळे खेळाडू, त्यांचे सामान आणि त्यांचे चाहते आगगाडीने भोरघाट चढून, लोणावळ्यास इंजिन बदलले जाईतो धुक्यात चहा घेऊन, मावळातून पुण्यास उतरत. मुंबईच्या खेळपट्टीवर उभा केलेला आकडा घाट चढून पुण्यात तसाच टिकेल काय, ही शंका त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्याच्या मनात त्या गाडीतच आली असेल, असे मानावयास माझे मन धजते.

परंतु पुण्याच्या मातीतील गोलंदाजीचा खरा पहिला हिशेब धावफलकावर लिहिला गेला नाही. तो नाण्यांत चुकता झाला. पळवणकर बाळू हे चांभार समाजातील, १८७६ मध्ये जन्मलेले एक तरुण प्रथम एका पारशी मंडळाच्या मैदानावर दरमहा तीन रुपयांवर आणि पुढे पूना क्लबात चार रुपयांवर नोकरीस लागले. खेळपट्टीवर रूळ फिरविणे, जाळ्या बांधणे, मैदान राखणे हे त्यांचे काम. आणि सवड मिळेल तेव्हा क्लबातील साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्या कामाला जोडून आलेले दुसरे काम. त्या साहेबांत जे. जी. ग्रेग नावाचा एक नामांकित फलंदाज होता. बाळूंनी आपणास एकदा बाद केले की आठ आणे द्यावयाचे, असा परिपाठ त्याने ठेवला होता असे सांगतात. चार रुपये पगारात आठ आणे म्हणजे महिन्याच्या कमाईचा अष्टमांश. एका चेंडूचे एवढे मोल मिळत असता डावखुरी फिरकी दिवसेंदिवस धारदार होत गेली यात नवल ते काय? त्या धारेची ख्याती शहरात पसरली, युरोपियनांना हरविण्याची ईर्ष्या बाळगणाऱ्या पुण्याच्या हिंदूंनी त्यांना आपल्या संघात घेतले, आणि मैदानावर ज्यांच्या हातचा चेंडू सर्व जण घेत त्यांना चहा मात्र मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई.

बाळूंचा ताळेबंद पुढे इंग्लंडात निघाला. १९११ च्या अखिल हिंदी दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी १८.८४ च्या सरासरीने घेतले. अनोळखी हवा, ओल्या खेळपट्ट्या, पस्तिशीचे वय आणि बहुतेक सामने हरणारा संघ, ही त्या आकड्याची प्रतबंदी होय. तिच्यावाचून तो आकडा वाचला तर कोणा सुखवस्तू खेळाडूचा वाटेल. आणि तरीही या आकड्याने त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळवून दिले नाही. ते मिळाले १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, दीर्घ वादानंतर. आकडा साक्ष देऊ शकतो, निवाडा करणारे पंच वेगळेच असतात, ही गोष्ट बाळूंच्या चरित्राइतकी ठसठशीतपणे क्वचितच कोठे दिसते.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत या प्रश्नाचा विचार दुसऱ्या दिशेने चालला होता. तेथील बेसबॉल या खेळात चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात, आणि त्या खेळाच्या हिशेबाचा जनक मानला जाणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडमधील एक्सेटरचा, व्यवसायाने क्रिकेटचा वार्ताहर. १८५६ च्या सुमारास त्याचे लक्ष बेसबॉलकडे गेले आणि क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्याने त्या खेळास लावली. त्याच शिस्तीतून निपजलेली एक कल्पना मात्र क्रिकेटने कधीच परत घेतली नाही: पिचरविरुद्ध झालेल्या धावांतून क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वजा कराव्यात आणि उरलेल्या, म्हणजे त्याच्याच खात्यावर योग्य रीतीने पडणाऱ्या धावा नऊ डावांच्या हिशेबाने मोजाव्यात. १९१२ मध्ये तेथील नॅशनल लीगने हे माप अधिकृत केले. पुढे २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या एका अभ्यासकाने त्याहूनही कठोर वजाबाकी मांडली: फलंदाजाने चेंडू मैदानात टोलविल्यावर जे घडते ते पिचरच्या ताब्यात फारच थोडे असते, म्हणून त्याची पारख करावयाची ती ज्या गोष्टींत क्षेत्ररक्षकाचा हात नसतो त्यांवरून. आपल्याकडील प्रतबंदीने जमीन वेगळी काढली. अमेरिकनांनी शेजारी वेगळे काढले. दोघांचेही म्हणणे एवढेच, की कोणाचे किती हे ठरविण्याआधी दुसऱ्यांचे वजा करावे.

ही भूमिका मनाशी धरून आपण पुनश्च गहुंज्यास येऊ, कारण २०१७ ते २०२४ या आठ वर्षांत तेथे झालेल्या तीन कसोटी सामन्यांनी जणू या प्रश्नाचा प्रयोगच मांडून दाखविला. योगायोग असा की तिन्ही वेळी पाहुण्या संघाचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज, म्हणजे बाळूंच्याच कुळीचा, कथेच्या मध्यभागी होता.

पहिला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह ओ’कीफ. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी येथील पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा त्याच्या खात्यावर चार कसोटींतील १४ बळी एवढीच शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भारताचे अखेरचे सात गडी अवघ्या ११ धावांत बाद होऊन डाव १०५ वर आटोपला आणि ओ’कीफचे पृथक्करण झाले ३५ धावांत ६ बळी; दुसऱ्या डावात, जेथे विराट कोहली चेंडू सोडून देण्यासाठी बॅट उचलता उचलता त्रिफळाचीत झाला, पुन्हा तेच, ३५ धावांत ६. सामन्यात ७० धावांत १२ बळी, सरासरी ५.८३! भारत ३३३ धावांनी, तिसऱ्याच दिवशी हरला आणि १९ कसोटींची अपराजित मालिका खंडित झाली. दुसरा दक्षिण आफ्रिकेचा केशव महाराज. ऑक्टोबर २०१९ मध्ये याच मैदानावर भारताने ५ बाद ६०१ धावांवर डाव घोषित केला, कोहलीने नाबाद २५४ धावा काढल्या, आणि महाराजने ५० षटके टाकून १९६ धावांत एक बळी मिळविला. तिसरा न्यूझीलंडचा मिचेल सँटनर. त्याने तोवर एकाही कसोटी डावात पाच बळी घेतले नव्हते. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या सामन्यात त्याने ५३ धावांत ७ आणि १०४ धावांत ६, असे १५७ धावांत १३ बळी घेतले, भारत ११३ धावांनी हरला आणि मायदेशी सलग १८ मालिका जिंकण्याचा क्रम तेथे संपला.

एखाद्या उत्साही कारकुनाने या तिघांची एकत्र खतावणी केली तर ४२३ धावांत २६ बळी, म्हणजे सुमारे १६.२७ ची सरासरी निघते. हा आकडा गणिताने अचूक आहे आणि तिघांपैकी एकाचेही वर्णन करीत नाही. गहुंजे येथे पाहुण्या डावखुऱ्या फिरकीस प्रत्येक बळीमागे सोळा धावा पडतात असे त्यावरून कोणी सांगितले, तर ते लोणावळ्याचा आणि पुण्याचा पाऊस मिळवून दोनांनी भागून वडगावच्या शेतकऱ्यास पेरणीचा सल्ला देण्यासारखे होईल. मग दोष कशाचा? खेळपट्टीचा पहिला. २०१७ च्या त्या खेळपट्टीवर सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी ‘निकृष्ट’ असा शेरा मारला. २०१९ मधील खेळपट्टी फलंदाजांना मानवणारी निघाली. एकाच गटनंबराची जमीन, पण प्रत भिन्न. दुसरा दोष समोरच्या फलंदाजांचा. आणि तिसरा आपल्याच माणसांचा. २०१७ च्या दुसऱ्या डावात स्टीव्ह स्मिथने शतक काढले खरे, परंतु त्याचे झेल पुनःपुन्हा सुटले, आणि त्या सुटलेल्या झेलांचा भार रविचंद्रन अश्विनच्या ११९ धावांतील चार बळींवर व रवींद्र जडेजाच्या खात्यावर पडला. क्रिकेटचे दफ्तर तो भार वजा करीत नाही; चॅडविकने केला असता.

मॅक्रॅकनच्या कठोर कसोटीस उतरणारे एक उदाहरणही याच मैदानाने दिले. २०२४ च्या त्याच सामन्यात वॉशिंग्टन सुंदर हा ऑफस्पिनर साडेतीन वर्षांनी कसोटी संघात परतला होता. ‘अलीकडची’ म्हणावी अशी कसोटीतील आकडेवारी त्याच्यापाशी नव्हतीच, होती ती चार जुन्या सामन्यांतील सहा बळींची. त्याने पहिल्या डावात ५९ धावांत ७ बळी घेतले, आणि त्या सातांपैकी पाच त्रिफळाचीत, एक पायचीत. सातांतील सहा बळींत क्षेत्ररक्षकाचा छदामही वाटा नाही. एवढा निर्भेळ ताळेबंद गोलंदाजाच्या वाट्यास सहसा येत नाही. तरीही त्यातून खेळपट्टीचा वाटा वजा करावयाचा उरतोच, हे विसरता कामा नये.

ओ’कीफचे पुढे काय झाले हे पाहिले म्हणजे महसूलखात्याच्या तीन पायऱ्यांचे शहाणपण उमगते. पुण्यानंतरची त्याची वृत्तपत्रीय पारख ही नजरअंदाज पैसेवारी होती, आणि ती सोळा आण्यांहूनही वर गेली होती. बंगळूर आणि रांची येथे ती सुधारली गेली. रांचीस त्याला ७७ षटके टाकून १९९ धावांत तीन बळी मिळाले. धरमशालेस मालिका संपली तेव्हा अंतिम हिशेब निघाला: एकूण १९ बळी, त्यांतील १२ एकट्या गहुंज्याचे, उरलेल्या तीन कसोटींचे मिळून सात. या सातांची सरासरी पन्नासाच्या पुढे जाते. याचा अर्थ गहुंज्याचे ते बारा बळी खोटे होते असा मुळीच नव्हे. ज्याने टप्पा आणि दिशा राखून तशा जमिनीचा पुरेपूर लाभ उठविला त्याचे श्रेय त्यालाच. त्याच खेळपट्टीवर अश्विन व जडेजा यांना दोन्ही डाव मिळून प्रत्येकी ओ’कीफच्या निम्म्याहून थोडेच अधिक वा कमी बळी मिळाले. अर्थ एवढाच, की एका खाचराच्या कापणीवरून तालुक्याची पैसेवारी काढता येत नाही.

हा सिद्धांत शास्त्राच्या पायावर उभा करणारा पुरुषही याच मुलखाशी संबंधित होता, याचा उल्लेख येथे न करणे कृतघ्नपणाचे होईल. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनहून संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन परतल्यावर पिकाचा अंदाज डोळ्यांनी बांधण्याऐवजी यदृच्छेने निवडलेल्या शेतांतील, यदृच्छेने निवडलेल्या तुकड्यांवर प्रत्यक्ष कापणी करून वजन घेण्याची पद्धत देशात रुजविली. निवड आपल्या मर्जीने करावयाची नाही, हा तिचा गाभा. गोलंदाजाच्या ‘गेल्या पाच सामन्यां’वर बोलणारा समालोचक नेमका येथेच घसरतो, पाच हा आकडा त्याने का निवडला असे विचारल्यास, सहाव्या सामन्यात त्याच्या म्हणण्याविरुद्ध पुरावा होता, हेच पुष्कळदा खरे उत्तर निघते. १९८७ मध्ये इंग्लंडात खेळाडूंची जी गुणांकनपद्धती निघाली, व जी आज आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या क्रमवारीच्या रूपाने सर्वांस परिचित आहे, तिने या मोहावर एक मध्यम मार्ग काढला: ताज्या सामन्यास अधिक वजन द्यावयाचे, जुन्यास क्रमशः कमी, परंतु जुना एकदम पुसून टाकावयाचा नाही, आणि बाद केलेला फलंदाज किती तोलाचा होता हेही हिशेबात धरावयाचे. आणेवारीत सर्वसाधारण वर्षाचे जे स्थान, तेच येथे मागील कामगिरीचे.

अखेर मन परत वळते ते पूना क्लबातील त्या जाळीकडे. ग्रेगने दिलेल्या आठ आण्यांच्या नाण्यापेक्षा निर्मळ असा गोलंदाजीचा हिशेब मला दुसरा दिसत नाही. तेथे झेल सोडणारा क्षेत्ररक्षक नव्हता. फलंदाज एकच, आणि तो कोणत्या प्रतीचा हे दोघांनाही ठाऊक. आणि खेळपट्टी अशी, की जिच्यावर सकाळी बाळूंनीच रूळ फिरविलेला असे. जमीन, शेजारी आणि कसणारा यांचे वाटे आपोआपच वेगळे निघालेले होते, म्हणून तेथे प्रतबंदीही नको होती व वजाबाकीही नको होती. गहुंज्याच्या विस्तीर्ण मैदानावर, हजारोंच्या गजरात, तो सरळपणा येणे शक्य नाही. तेथे प्रत्येक बळीच्या नोंदीत खेळपट्टी, फलंदाज आणि सोबती यांची भागी असते, आणि ती मोजूनच उरलेले आठ आणे गोलंदाजाच्या हातावर ठेवावे लागतात.